सही कुठं, टेबलं किती, कागद काय

वाचकांचे प्रश्न : कचेरी आणि कारभार
(या वेळची पत्रं खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागातली आहेत. उत्तरं देणारे तालुका कचेरीत कारकून म्हणून लागले आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले.)

प्रश्न : आमची वाडी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जंगलाच्या कडेला. डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंतचे साडेचारशे मीटर कच्चे आहेत आणि मधल्या ओढ्यावर मोरी नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून न्यावं लागतं. ग्रामपंचायतीनं ठराव केला त्याला तीन पावसाळे झाले. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात तालुका पंचायतीत विचारा, तिथं म्हणतात इंजिनिअरकडं आहे, इंजिनिअर म्हणतात फॉरेस्टवाले सोडत नाहीत. सत्ता गावात आली म्हणतात, मग एवढ्याशा रस्त्याला इतकी दारं का?
– एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : मेंबरसाहेब, तुमच्या एका तक्रारीत तीन तक्रारी आहेत. सही वर अडकलीय, ही पहिली. टेबलं जास्त आहेत, ही दुसरी. तिसरी तुम्ही लिहिली नाहीत, पण मला तिचा वास येतोय : कागद अर्धवट आहे. लोक या तिन्हींना मिळून 'सरकारी कारभार' म्हणतात आणि आमदारांकडं जातात. आमदार फोन करतात, फाईल एका टेबलावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसते. फोननं एखादी सही मिळते, नसलेला कागद मिळत नाही.

तुमची फाईल मी पाहिलेली नाही, पण तिची भावंडं हाताळलीत. डावीकडं टिप्पणीचे कागद, उजवीकडं पत्रव्यवहार, वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं पानांचे आकडे. तळाला तुमचा ठराव, त्यावर ज्युनिअर इंजिनिअरचं अंदाजपत्रक, त्यावर मंजुरीसाठी वर पाठवल्याची नोंद. आणि टिप्पणीवर मध्येच कुठल्यातरी साहेबांचे दोन शब्द, 'चर्चा करा', खाली बारीक सही. चर्चा कुणी, कधी, कुठल्या मुद्द्यावर करायची ते लिहिलेलं नसतं. फाईल तिथं सहा-सहा महिने झोपते आणि कागदोपत्री दोष कुणाचाच नसतो. त्यामुळं पहिलं काम हे करा : माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून त्या फाईलच्या टिप्पणीच्या पानांची नक्कल मागा. पत्रव्यवहाराची नको, टिप्पणीची. ती वाचली की फाईल कुठल्या पानावर थांबली ते तुम्हाला पीडीओंपेक्षा जास्त कळेल.

आता टेबलांचं. ज्यानं अंदाजपत्रक केलं त्यानंच मंजुरी द्यायची नाही, ज्यानं मोजमाप लिहिलं त्यानंच बिल काढायचं नाही, हे नियम उगाच आलेले नाहीत. मोरीच्या पाइपखाली काँक्रीट किती घातलं हे माती ओढल्यावर कुणाला दिसत नाही, मोजमाप वहीतच दिसतं. मॅक्स वेबर या जर्मन अभ्यासकानं शंभर वर्षांमागं कचेरीची लक्षणं मांडली : ठरलेलं अधिकारक्षेत्र, पायरीपायरीची वरिष्ठता, लेखी नियम, जपून ठेवलेली फाईल, परीक्षा देऊन आलेला पगारी नोकर. त्यानं तिची तुलना केली ती राजाच्या मर्जीवर चालणाऱ्या कारभाराशी. आपल्या भागात वतनदार आणि इनामदारांच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. वाड्यावर काम एका दिवसात व्हायचं खरं, पण कुणाचं, हे त्यांना विचारा. दोन-तीन टेबलांना माझी हरकत नाही. एकाच गोष्टीची तपासणी तीन टेबलांनी केली की मात्र कुणीच नीट करत नाही, पुढचा बघेल म्हणून प्रत्येकजण सही ठोकतो.

खरी गाठ सहीची आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅममधल्या अॅस्टन इथं डेरेक प्यू, डेव्हिड हिक्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी ४६ संस्था तपासल्या. कारखाने, दुकानांच्या साखळ्या, नगरपालिकेची खाती, सगळं होतं त्यात. त्यांना दिसलं ते असं : संस्था मोठी झाली की कामाची वाटणी, नियम आणि नोंदवह्या वाढतात. पण निर्णय किती वर जातो, हे बरंचसं दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं, ती संस्था वरच्या संस्थेवर किती अवलंबून आहे त्यावर. आकारानं नियम वाढतात, परावलंबनानं सही वर जाते. हे वाचलं तेव्हा मला ग्रामपंचायतीच आठवल्या.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी आले. रस्ते, मोऱ्या, पूल त्यात आहेत. कर्नाटकानं त्याच्याही आधी मजल मारली होती. रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारात अब्दुल नझीर साब पंचायत राज मंत्री होते. १९८३ चा कायदा त्यांच्या काळातला, त्यानुसार १९८७ ला निवडणुका झाल्या. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला आणि परिषदेचा मुख्य सचिव डीसींहून (जिल्हाधिकाऱ्यांहून) ज्येष्ठ अधिकारी असे. डीसी ऑफिसात तेव्हा पुष्कळ कपाळांना आठ्या पडल्या होत्या. आणि पुढचं बघा : जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, त्यानंतर निवडणूक वर्षानुवर्षं लांबली आणि कारभार प्रशासकांकडं गेला. म्हणजे तुमच्या ठरावाच्या वर ज्या दोन पायऱ्या आहेत, तिथं मतं मागायला येणारं कुणी उरलं नाही.

पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के वाटा स्वच्छता आणि पिण्याच्या पाण्याला बांधलेला. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाची इच्छा, पण त्यातून पगारही द्यायचे नाहीत. घरपट्टी वसूल करायची म्हटलं की आपलेच मेंबर अंग काढून घेतात, पुढच्या वर्षी निवडणूक आहे म्हणतात. ज्या पंचायतीची स्वतःची वसुली नाही, तिनं मोरीसाठी वर हात पसरायचा आणि वरचा म्हणणार, पैसा माझा तर सही माझी. यात मला तरी अन्याय कमी आणि हिशोब जास्त दिसतो.

फॉरेस्टचं दार मात्र तुम्हाला वाटतं तितकं घट्ट नाही, आणि उत्तर लांबलं ते यासाठीच. एरवी जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला घ्यायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानं केंद्र सरकारची परवानगी लागते. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून बघा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची सोय, रस्ता अशा १३ सरकारी सोयींसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर निर्णय डीएफओंच्या, म्हणजे विभागीय वनाधिकाऱ्यांच्या, पातळीवर होतो. डीएफओंना पटलं नाही तर प्रकरण डीसींच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडं जातं. दिल्लीला जात नाही.

तुमचा हिशोब मी केला. साडेचारशे मीटर लांब, पाच मीटर रुंद धरला तर २,२५० चौरस मीटर. हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणजे पाव हेक्टरसुद्धा नाही. त्या प्रमाणात झाडं फार तर सोळा. सोळांपेक्षा जास्त आडवी येत असतील तर रस्त्याला वळण द्या, अंदाजपत्रक बदला. ग्रामसभा घ्या, हजेरीच्या सह्या-अंगठ्यांसकट शिफारस लिहून घ्या. रस्ता करणाऱ्या खात्यानं, तुमच्या बाबतीत पंचायत राज इंजिनिअरिंग विभागानं, 'फॉर्म ए' भरून रेंज ऑफिसरकडं द्यायचा. ते जागा पाहून 'फॉर्म बी' डीएफओंकडं पाठवतात. मला दाट शंका आहे की तुमच्या फाईलमध्ये 'फॉर्म ए' नाहीच, नुसतं 'वनखात्याचा अभिप्राय यावा' असं पत्र असेल. अशा पत्राला वनखातं जन्मात उत्तर देणार नाही. वाडी भीमगड अभयारण्याच्या हद्दीच्या आत येत असेल तर वन्यजीव कायद्याचं टेबल आणखी वेगळं, तेव्हा हद्दीचा नकाशा आधी पाहा.

या कलमात मला आवडतं ते असं. एक हेक्टर, ७५ झाडं, १३ कामं, हे माप कुणीतरी कागदावर पक्कं केलं म्हणून दिल्लीची सही बेळगावला आली. माप लिहिलेलं नसतं तर प्रत्येक मोरीला वरच्यानं 'चर्चा करा' लिहिलं असतं. लोक म्हणतात नियम कमी करा, सत्ता खाली येईल. कचेरीत मी उलटं होताना जास्त पाहिलंय.

प्रश्न : आजोबांच्या उताऱ्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलंय. त्यामुळं आमची पौती (वारसाची) नोंद अडली. तलाठी म्हणतो माझ्या हातात काही राहिलेलं नाही, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. पूर्वी चावडीत बसून दहा मिनिटांत दुरुस्ती व्हायची. भूमी योजनेनं शेतकऱ्याचं भलं झालं का बुरं?
– एक शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : दहा मिनिटांत दुरुस्ती व्हायची, खरं आहे. आणि दहा मिनिटांत नाव उडायचंही, तेही खरं. भूमीच्या आधी कर्नाटकात सुमारे ९,००० तलाठ्यांच्या दप्तरांत उतारे होते. दप्तर तलाठ्याच्या घरी, तलाठी बाजारला, तुम्ही चावडीच्या कट्ट्यावर. पीककर्जाला उतारा हवा तर तो देईल तेव्हा आणि मागेल तेवढ्यात. साल २००० च्या आसपास ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे दोन कोटी उतारे कॉम्प्युटरात गेले, तालुक्याला खिडकी आली, पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला आणि हातानं लिहिलेला उतारा बंद झाला. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमानंच काढायचे, मधला अर्ज वर ओढता येत नाही, आणि नोंद मंजूर करणाऱ्यानं बोट टेकवायचं, म्हणजे उद्या 'मी केलं नाही' म्हणायला जागा नाही.

सही चावडीतून तालुक्याला गेली, हे केंद्रीकरणच. पण ज्याची तलाठ्याशी ओळख नव्हती, ज्याची भाषा वेगळी, जात वेगळी, त्याच्या हाती पहिल्यांदा पंधरा रुपयांत उतारा पडला. माझ्या मते तो सौदा फायद्याचा होता. अडचण तुमच्यासारख्या प्रकरणात आहे. नेहमीचं काम लेखी नियमावर झरझर चालतं. अपवादाला मात्र जमीन आणि माणूस ओळखणारा कुणीतरी जवळ लागतो आणि त्याच्या हातात थोडा अधिकार लागतो. भूमीनं तलाठ्याकडून मनमानी काढून घेतली, तेव्हा त्याची ओळखही निरुपयोगी झाली. तो तुम्हाला लहानपणापासून बघतोय, पण मशीनला ते सांगायची सोय नाही.

आपल्या भागात ही अडचण घरोघरी आहे. उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, शाळेच्या दाखल्यावर मराठीत. तिन्हीकडं लिहिणाऱ्यानं आपल्या कानाप्रमाणं लिहिलं आणि मशीननं एका बापाचे तीन बाप केले.

तुम्ही असं करा. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून कॉम्प्युटरच्या आधीचा हाताचा उतारा आणि त्या वेळच्या फेरफाराची नक्कल काढा. जुन्या कागदात नाव बरोबर असेल तर चूक टाइप करणाऱ्याची आहे. दोन्ही नकला जोडून तहसीलदारांकडं दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत तिन्ही स्पेलिंगची एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. चूक मुळात फेरफारातच असेल तर तहसीलदारांना ती पुसता येणार नाही. जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम १३६ खाली प्रांतांकडं अपील करावं लागेल, आणि त्याला मुदत असते, म्हणून वकिलाला फेरफाराची तारीख आजच दाखवा. बहुतेकजण ही दोन दारं न ओळखता भलत्याच दारात वर्ष घालवतात.

बिनवादाच्या नोंदीचा अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत) किंवा तालुक्याला देताना सकालाची, म्हणजे ठरल्या दिवसांत काम देण्याच्या योजनेची, पावती मागून घ्या, तिच्यावर जीएससी क्रमांक असतो. सकाला २०१२ पासून आहे. ठरल्या दिवसांत काम झालं नाही तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अर्जदाराला मिळायची तरतूद आहे. पाचशे रुपयांनी तुमचं काय होणार म्हणा, पण त्या क्रमांकावर अर्जाची तारीख पक्की असते आणि वरच्या साहेबाच्या आढाव्यात तो लाल दिसतो. आवक टेबलावर बसणाऱ्यांना त्या लाल रंगाची भीती असते, हे आतल्या माणसाचं सांगणं समजा.

प्रश्न : काका, मी निपाणी भागातल्या एका सौहार्द पतसंस्थेचा सेक्रेटरी आहे. सभासद वाढले, दुसरी शाखा निघाली. चेअरमन जुन्या पिढीतले, संस्था त्यांनीच उभी केली, त्यामुळं चहाच्या व्हाउचरवरसुद्धा त्यांचीच सही लागते. ते पंढरपूरला गेले की सोनेतारणाची गिऱ्हाइकं परत जातात. मी नियमावली करूया म्हटलं तर संचालक म्हणाले, 'आपली पण सरकारी कचेरी करणार काय?' शिवाय सीमेपलीकडच्या कागल-मुरगूडच्या लोकांना सभासद करून घ्यायचं चाललंय. तुमचं मत सांगा.

उत्तर : बाळ, चेअरमनना दुखवू नकोस. वीस-पंचवीस ओळखीच्या सभासदांची संस्था एका माणसाच्या डोळ्याखाली चालते आणि चांगली चालते. तेव्हा नियमावली केली असती तर ती धूळ खात पडली असती. पण दुसऱ्या शाखेत त्यांचा डोळा पोचत नाही, फक्त सही पोचते, आणि न बघता केलेली सही ही संस्थेतली सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. जॉन चाइल्ड नावाच्या अभ्यासकानं १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या संस्थांची पाहणी मांडली. जिथं कामाचे नियम जास्त लिहिलेले, तिथं निर्णय खालच्या माणसांकडं जास्त सोपवलेले, असं त्याला आढळलं. संचालकांना हे सांग. चेअरमनना एवढंच विचार, तुमच्यासारखाच निर्णय शाखेत व्हायचा असेल तर तो कशाकशावरून घेता ते मला लिहून द्याल का? स्वतःचं शहाणपण लिहून घ्यायला कुणी आलं की जुनी माणसं खुश होतात.

सोनेतारणापासून सुरुवात कर, कारण तिथं माप सोपं आहे. दर सोमवारी ग्रॅमचा कर्जदर फळ्यावर. दागिना सराफानं तपासून वजनाची चिठ्ठी सहीनिशी, खडे आणि आत भरलेली लाख वजा करून. अमुक रकमेपर्यंत शाखाधिकारी, त्यावर तू, त्यावर चेअरमन, त्याहून मोठं असेल तर कर्ज समिती. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडं, दोघंही नात्यातले नकोत. पाकिटावर कर्जदारासमोर सील, सीलवर तिघांच्या सह्या. एवढं झालं की चेअरमन निवांत वारी करून येतील. व्हाउचरची मर्यादा मागाहून आपोआप ठरते. विनातारण कर्ज मात्र इतक्यात खाली सोडू नकोस. तिथं माणूस ओळखावा लागतो, आणि ती ओळख चेअरमनकडं आहे, तुझ्याकडं अजून नाही.

कागल-मुरगूडचं मला पटत नाही. तुमची संस्था कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखालची. सभासद दोन राज्यांतले करायचे तर २००२ च्या बहुराज्य सहकारी कायद्याखाली जावं लागेल, नोंदणीला प्रत्येक राज्यातले निदान पन्नास सभासद दाखवावे लागतील आणि तुमचा निबंधक कर्नाटकात न राहता दिल्लीत असेल. २०२३ च्या दुरुस्तीनंतर संचालक मंडळाची निवडणूकही केंद्राचं प्राधिकरण घेतं. बाजाराला एकाच एसटीनं येणारी माणसं, पण मध्ये राज्याची रेघ आहे म्हणून त्यांचा कागद दिल्लीहून फिरून येणार. मोठ्या बँकेला ते झेपतं, त्यासाठी माणसं ठेवलेली असतात. दोन शाखांच्या संस्थेला ते पत्रव्यवहारातच मारेल. आधी घर सावर, सीमा ओलांडायचं नंतर बघू.

प्रश्न : दर हिवाळ्यात विधानसभेचं अधिवेशन बेळगावला भरतं. याला विकेंद्रीकरण म्हणायचं का?

उत्तर : पहिलं अधिवेशन २००६ ला झालं, सुवर्ण विधानसौधाचं उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ११ ऑक्टोबर २०१२ ला झालं. इमारत देखणी आहे. अधिवेशन संपलं की मंत्री आणि सचिव बेंगळुरूला परत जातात आणि आपल्या फायलीही त्यांच्याबरोबर पाचशे किलोमीटर जातात, तेव्हा उत्तर तुम्हीच काढा. उलटंही असतं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे, राज्यभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या परीक्षा इथून चालतात. बेंगळुरूच्या पोराला विचारलंत तर तो म्हणेल, सगळं त्या लांबच्या बेळगावात अडतं. विकेंद्रीकरण बघायचं तर बसचं बघा : १९९७ मध्ये वायव्य कर्नाटकाचं परिवहन महामंडळ वेगळं झालं, मुख्यालय हुबळीला. एखाद्या गाडीची वेळ बदलायला आता बेंगळुरूपर्यंत जावं लागत नाही. गाडी वेळेवर येते का, तो वेगळा प्रश्न, त्यावर पत्रं पाठवू नका.

प्रश्न : मी अंगणवाडी कार्यकर्ती आहे. मुलांची वजनं, हजेरी, आहार सगळं पोषण ट्रॅकर ॲपवर भरायचं, आणि तेच पुन्हा रजिस्टरमध्ये. आमच्या वाडीत रेंज नाही, शाळेमागच्या टेकाडावर जाऊन माहिती पाठवते. सुपरवायझर मॅडम आल्या की मोबाइल आणि वह्या बघतात, मुलांकडं बघायला त्यांना वेळ नसतो. हे कमी कसं करायचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वर जे मी कागदाचे गुण गायले, त्याची दुसरी बाजू तुमच्या टेकाडावर दिसते.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९४० मध्ये लिहिलं होतं की नियम हे साधन असतं, पण कचेरीत राबता राबता तेच साध्य होऊन बसतं. वजन घ्यायचं ते पोर खंगतंय का ते वेळेवर कळावं म्हणून. आता वजन घेतलं जातं ते रकाना भरावा म्हणून. पोर काट्यावर रडतं, हलतं, आकडा नाचतो, आणि तीस पोरांची नोंद दुपारच्या आत वर जायची असते. मग मागच्या महिन्यापेक्षा शे-दोनशे ग्रॅम जास्त लिहून मोकळं होण्याचा मोह कुणाला होणार नाही? वर बसलेल्याला रकाना भरलेला दिसतो, तो खुश. अशा आकड्यांवरून मग जिल्ह्याचा तक्ता होतो.

मार्च २०२१ मध्ये ॲप आलं तेव्हा वह्या सुटतील अशी सगळ्यांची समजूत होती. नवा कागद आणणारा साहेब भेटतो. जुना बंद करणारा साहेब मी फार कमी पाहिला, कारण बंद करण्याच्या आदेशावर त्याची सही लागते आणि उद्या ऑडिटनं विचारलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणून तोंडी मागून मिळणार नाही. सर्कलमधल्या सगळ्या जणींनी मिळून सीडीपीओंना (बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना) एक अर्ज द्या. त्यात तक्रारीचा सूर नको. साधा तक्ता करा : एका बाजूला ॲपमधल्या नोंदी, दुसऱ्या बाजूला त्याच नोंदी असलेली रजिस्टरं, आणि खाली एकच प्रश्न, यातली कुठली रजिस्टरं लिहायची बंद करावीत त्याचा लेखी आदेश द्यावा. रेंज नसलेल्या अंगणवाड्यांची यादी वेगळी जोडा आणि त्यांना नोंदी दिवसाऐवजी आठवड्यानं पाठवायची मुभा मागा. सीडीपीओंना स्वतःला अधिकार नसेल तर तो अर्ज त्यांना वर पाठवावा लागेल, आणि तसं त्यांनी तुम्हाला लिहून कळवलं पाहिजे.

तोपर्यंत वजनाचं काम दोन दिवसांत वाटून घ्या, निम्मी पोरं एका दिवशी. आणि ज्यांची तुम्हाला खरी काळजी वाटते त्यांची नावं आपल्या साध्या वहीत वेगळी ठेवा. सुपरवायझर मॅडम आल्या की मोबाइलच्या आधी ती वही आणि ती पोरं समोर करा.

प्रश्न : मराठीत अर्ज दिला तर कचेरीत घेत नाहीत. घ्यायला हवा की नको?

उत्तर : घ्यायला हवा. घटनेच्या ३५० व्या कलमानं गाऱ्हाणं मांडणारा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडं देता येतो. 'घेत नाही' असं लिहून द्या म्हटलं की टेबलावरचा माणूस बहुतेक वेळा घेतो. तरी माझा सल्ला असा की कन्नड प्रत करून सोबत टाचा, कारण अर्ज घेण्यात आणि वाचण्यात फरक आहे आणि केस वर्करला (फाईल हाताळणाऱ्या कारकुनाला) सबब देऊ नये. टप्पालाचा (आवक टेबलाचा) शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक दोन्ही प्रतींवर घ्या. शिक्का पुसट उठला तर तिथंच पुन्हा मारून मागा, घरी येऊन चिडू नका.